त्राटिकेची पावलं

आधी वास आला. मेथीचा.

परीक्षेच्या कामासाठी मला सूर्यमाळच्या वाटेवरच्या त्या जुन्या आश्रमशाळेत पाठवलं होतं. बाकं कमी पडली म्हणून शिपायाने अडगळीची खोली उघडली. अशा खोलीत उंदरांचा वास यावा, कुबट सतरंज्यांचा यावा. मेथीचा कशाला येईल? शिपायाला तो आलाच नाही. मला आला, आणि उंबऱ्यातच माझे पाय अडले.

लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, फाटक्या कापडी फलकात गुंडाळलेलं काहीतरी पडलं होतं. मी बाकावर चढून ते खाली घेतलं, फलक सोडला, धूळ झाडली. वटारलेले डोळे, गालांवर पांढरे ठिपके, हनुवटीपर्यंत लोंबणारी लाल जीभ, तागाचे काळे रंगवलेले केस. जिभेचं टोक तुटलं होतं. बाकी सगळी जशीच्या तशी. लगद्यात मेथीची पूड असली की कीड लागत नाही, असं माझा बा म्हणायचा. नव्हतीच लागली.

"टाकायचा का बाई तो मुखवटा? मी आलो तवापासून इथंच पडला हाय," शिपाई म्हणाला.

"हात लावू नका," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की तो बिचारा दोन बाकं एकदम उचलून निघूनच गेला.

ती त्राटिका होती. आमच्या घरची.

पोशेऱ्याच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत आमचा पाडा. भात, नागली, थोडी वरई, आणि चैत्र-वैशाखात बोहाडा. बोहाडा म्हणजे आमच्याकडचा देवाचा उत्सव. एकामागून एक सोंगं निघायची: गणपती, सारजा म्हणजे शारदा, मारुती, वेताळ, रावण. तोंडावर मुखवटा, पायात घुंगरू, पुढे संबळ आणि पिपाणी. कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं तो मान ठरलेला. आमच्या घराकडे त्राटिका होती. बाच्या बापाकडे होती, त्याच्याही बापाकडे असावी. राक्षसीण म्हणून आम्हाला कधी कमीपणा वाटला नाही. उलट रामाच्या सोंगाला पोरं जांभया द्यायची आणि त्राटिका आली की आयांच्या पदरात शिरायची.

त्या दिवशी बा सकाळपासून काही खायचा नाही. बोलायचाही नाही. आई आपलं हिरवं लुगडं काढायची, तिच्याकडे एकच चांगलं होतं, आणि ते बाला नेसवायची. निऱ्या घालताना तिला हसू यायचं, पण ती तोंड फिरवून हसायची, कारण बा तेव्हा अर्धाही बा उरलेला नसायचा. मग बांगड्या. मग कपाळाला जुन्या धडुत्याची घडी, आणि तिच्यावर मुखवटा. चुलता मागून सुतळी आवळायचा. मुखवटा चढवायला दुसऱ्याचा हात चालतो, उतरवायला नाही. तो ज्याचा त्यानंच, देवापुढे बसून, आपल्या हातानं उतरवायचा आणि आईनं दिलेल्या पाण्यानं तोंड धुवायचं. मगच तो पुन्हा बा व्हायचा आणि विचारायचा, "भाकर हाय का गं?"

हा नियम आमच्याकडे लेकरालाही ठाऊक होता. दामूशेठलाही होता.

दामूशेठच्या जीपगाड्या मोखाड्याहून सगळ्या पाड्यांना धावायच्या. बोहाड्याच्या कमिटीचा तोच म्होरक्या, त्याच्याच अंगणात मांडव. मी सातवीत असेन. शेवटच्या सकाळी ऊन नुकतं कौलांवर आलं होतं, रात्रभर जागलेली माणसं भिंतींना टेकून पेंगत होती, मोहाच्या फुलांचा गोड वास सगळीकडे भरला होता. दामूशेठकडे ठाण्याचे पाहुणे आले होते, खुर्च्या टाकून बसले होते. त्राटिका नाचत नाचत त्यांच्या पुढ्यात आली. नंतर कोणी म्हणालं, तिचे केस पाहुणीच्या तोंडाला लागले. कोणी म्हणालं, चहा सांडला. कोणी म्हणालं, चहाबिहा काही नाही, निवडणुकीचा राग होता. मला कारण नको आहे. मी पाहिलं ते एवढंच, की दामूशेठ उठला, त्राटिकेचे केस मुठीत धरले आणि मुखवटा ओढून काढला.

"सोम्या हाएस तू, सोम्या! त्राटिका नाय. हो बाजूला."

संबळ थांबलं. आणि उन्हात, सगळ्या गावापुढे, बायकोचं लुगडं नेसलेला, हातात बांगड्या घातलेला, घामानं भिजलेला एक बारीक माणूस उभा राहिला. त्याचे डोळे अजून मिटलेले होते. ओठ हलत होते. त्याला कळलंच नव्हतं की तोंड उघडं पडलंय. पाहुण्यांपैकी एक बाई फिसकन हसली.

ते हसू मी आजपर्यंत जपून ठेवलं आहे. लोक लग्नातले फोटो ठेवतात तसं.

मुखवटा दामूशेठच्या घरात गेला आणि तिथंच राहिला. आईनं लुगडं नदीवर नेऊन धुतलं, वाळवलं, घडी घातली आणि पुन्हा कधी अंगाला लावलं नाही. बा त्या दिवसापासून बाजाराला जाताना गावातून जाईना. शेताच्या बांधावरून, लांबून जायचा. पुढच्या वर्षी कमिटीनं विचारलं, दुसरा मुखवटा देतो, नाचशील का? बा म्हणाला, "आता कोण येईल माझ्या अंगावर?" इतकंच. त्यानंतरचा बोहाडा त्राटिकेशिवाय निघाला, आणि लोकांना तिच्याशिवाय बोहाडा बघायची सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते. मला झाली नाही.

मी जव्हारला अकरावी-बारावी शिकत होते तेव्हा मे महिन्यात ते शिबिर आलं. नाशिकच्या एक ताई, उंच, खांद्याला शबनम, आवाज मऊ. गावातल्या माणसांनीच आपलं नाटक उभं करायचं, मुखवटे स्वतः बनवायचे, शब्द कमी आणि अंग जास्त, असं त्यांचं काम होतं. विषय आम्हीच निवडला: पाणी. सूर्यमाळच्या विहिरी तेव्हा फेब्रुवारीतच तळाला जायच्या आणि बाया चार डोंगर तुडवत हंडे आणायच्या. दुसरा विषय कशाला सुचेल?

या शाळेच्या मोठ्या वर्गात आम्ही जमायचो. पाड्यापाड्यातल्या पोरी, दोन सासुरवाशिणी, काही पोरं, माझा चुलतभाऊ काळू संबळ घेऊन, आणि माझी मैत्रीण अंबी. ताई म्हणायच्या, "डोळे मिटा. तुमचं शरीर काय म्हणतंय ते ऐका." अंबीचं शरीर म्हणायचं, झोप. ती खरोखरच झोपायची. एकदा ताईंनी सांगितलं, डोक्यावर हंडा आहे असं समजून चाला. सगळ्या चालल्या. ताई मध्येच कोणाशी तरी बोलायला बाहेर गेल्या, आणि परत येऊन बघतात तर एक सासुरवाशीण अजून मान ताठ ठेवून कोपऱ्यात उभी. "बाई, उतरवा म्हणालाच नाय तुमी," ती म्हणाली. ताईसुद्धा पोट धरून हसल्या.

दुपारी मुखवटे. भिजवलेली रद्दी उखळात कांडायची, चिंचोक्याची खळ, डिंक, मेथीची पूड. बोहाड्यात बायका मुखवट्याला शिवतसुद्धा नाहीत. आणि इथं आम्ही पोरी कोपरापर्यंत लगद्यात. मी संध्याकाळी घरी गेले की बा माझ्या हातांकडे बघायचा. एकदा मी भाकर वाढत असताना त्यानं माझं मनगट धरलं, नाकाशी नेलं आणि सोडून दिलं.

"मेथी जास्त पडली तुमची," म्हणाला.

ताईंना जुने मुखवटे बघायचे होते. निरोप गेला, आणि दामूशेठच्या जीपमधून आमची त्राटिका आली. सोबत निरोप: आमच्या घरातली जुनी वस्तू आहे, जपून वापरा. आमच्या घरातली! ताईंनी ती कौतुकानं वर्गाच्या भिंतीला टांगली. मी रोज तिच्यापुढे चालायला शिकत होते. ताई म्हणायच्या, शरीर सैल सोडा. माझी मूठ काही सैल पडत नव्हती.

नाटकात एक मोठा माणूस होता. विहीर बघायला येतो, बघतो, जातो. बोलत नाही. ताई म्हणाल्या, "याची चाल शोधा. प्रत्येकानं आपापली शोधून आणा. मोठा माणूस कसा चालतो?"

मला शोधावी लागली नाही. पुढच्या बाजाराला मी मोखाड्यात जीपच्या थांब्यापाशी करवंदांची पाटी घेऊन बसले. करवंदं आंबट होती, कोणी घेतली नाहीत, बरंच झालं. दामूशेठ उजवा खांदा पुढे घालून चालायचा, जणू गर्दी असो-नसो, वाट करायची आहे. डावा पाय बाहेर फेकायचा. बोटात किल्ल्यांचा जुडगा गरगर फिरायचा. कोणापाशी थांबायचं असलं की आधी खाकरायचा, मग मानेमागून सदऱ्याची कॉलर वर ओढायचा, आणि मग थांबायचा. बाजार उठेपर्यंत मी त्याला बघितलं. प्रेमात पडलेल्या पोरीनं कोणाला बघितलं नसेल इतकं. घरी येताना पायवाटेवर कोणी नव्हतं, तिथं चालून बघितलं. खांदा, पाय, खाकरणं, कॉलर. डावा पाय फेकला की कंबरेत एक माज येतो. तो माज अंगात शिरला तेव्हा मला शिसारीही आली आणि गंमतही वाटली.

दुसऱ्या दिवशी वर्गात माझी पाळी आली. मी भिंतीपासून निघाले. तिसऱ्या पावलाला काळूच्या संबळावरची काठी थांबली. अंबी, जी एरवी झोपायची, ती टक्क जागी झाली. मी खाकरले, कॉलर ओढली, थांबले. वर्गात कोणी हसलं नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते आणि ताईंकडे बघायचं टाळत होते.

"सुंदर!" ताई म्हणाल्या. "कुठून आणलीस ही चाल?"

"अशीच," मी म्हणाले.

त्यांना कोणीच सांगितलं नाही. सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं असलं की आमच्या पाड्यांचा हात कोणी धरू शकत नाही. तालमी झाल्या, अंबीनं मला जुन्या किल्ल्या आणून दिल्या, एका पोरानं आपल्या बापाचा पांढरा सदरा आणला. काळूनं त्या चालीला बसेल असा ठेका शोधला. तो रोज मला म्हणायचा, "अजून एकदा. खांदा जरा दाखव." त्यालाही ती सकाळ आठवत होती, बाच्या मुखवट्याची सुतळी त्याच्या बापानं बांधली होती ना.

मुखवटा मी असा केला की बोट ठेवायला जागा नको. मिशी नाही, तीळ नाही, गोरा नाही, काळा नाही. कोराच म्हणा. सोंगाला कोणी जाब विचारत नाही, हा आमचा कायदा. दामूशेठनं तो मोडला होता. मी त्याच कायद्याच्या आड उभी राहणार होते.

आणि प्रमुख पाहुणा म्हणून कोणाला बोलवावं? हेडमास्तरांनी दामूशेठलाच बोलवलं. याला म्हणतात आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

शाळेच्या मैदानात, ऊन उतरल्यावर नाटक झालं. दाभोसा, पोशेरा, सूर्यमाळ, कुठकुठून माणसं आली होती. पहिल्या रांगेत खुर्च्या: दामूशेठ, हेडमास्तर, पंचायत समितीचे कोणी साहेब. मुखवट्याच्या भोकांतून जग बोटभर दिसतं. त्या बोटभर जगात मी बाला शोधलं. मैदानाच्या कडेच्या मोहाखाली, माणसांपासून सुटा, तो उभा होता. येणार नाही म्हणाला होता.

काळूनं ठेका धरला आणि मी निघाले.

आधी काही झालं नाही. मग एक पोर खिदळलं. मग त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं आणि तिलाच हसू फुटलं. मग ते हसू मैदानात पसरत गेलं, मागून पुढे, डावीकडून उजवीकडे. मी खाकरले तशी म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या. कॉलर ओढली तशी बाया पदर तोंडात कोंबून एकमेकींवर कलंडल्या. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसत होतं? दामूशेठ. मांडीवर थाप मारून हसत होता. हेडमास्तरांना विचारत होता, "कोण हो हा? कोणाची नक्कल म्हणायची?" हेडमास्तरांच्या कपाळावर घाम होता. आपली चाल आपल्याला कुठे दिसते? ती तर आपल्या पाठीमागच्या लोकांच्या मालकीची असते.

माझी निराशा झाली. खरंच सांगते, मुखवट्याच्या आत माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं केलं आणि तो हसतोय.

नाटक संपलं. आम्ही मुखवट्यांनिशी रांगेत उभे राहिलो. नारळ देऊन सत्कार करायचा होता. दामूशेठ खुर्चीवरून उठला, नारळ हातात घेतला आणि मैदान ओलांडून आमच्याकडे निघाला. उजवा खांदा पुढे. डावा पाय बाहेर.

मैदान फुटलं. हसणं नव्हतंच ते, आरडाओरडा होता. तो थबकला. मागे बघितलं, पुढे बघितलं. आमच्यापाशी थांबायचं म्हणून सवयीनं खाकरला, हात मानेमागे गेला, आणि हात तिथंच राहिला. त्याला कळलं. मी ते बोटभर भोकातून बघितलं. आधी त्याची नजर माझ्या सदऱ्यावर आली, मग किल्ल्यांवर, मग स्वतःच्या पायांवर.

आता त्याला खुर्चीपर्यंत परत जायचं होतं, आणि जायचं म्हणजे चालायचं होतं. त्यानं डावा पाय उचलला आणि सरळ टाकायला गेला, तो नीट पडेना. उजवा उचलला, तर खांदा आपोआप पुढे. लहान पोरं ओरडायला लागली, "शेठ, खाकरा!" तो उघड्या मैदानात, सगळ्या तालुक्यापुढे, नारळ धरून उभा. बा उभा होता तसाच. शेवटी ड्रायव्हरनं जीप मैदानात आणली, धुरळा उडवत, आणि तो तिच्यात चढला.

मला इतका आनंद आयुष्यात पुन्हा झाला नाही. लग्नात नाही, नोकरीचा कागद आला तेव्हा नाही.

घरी गेले तेव्हा बा ओट्यावर बसला होता. आई चुलीपुढे. तो म्हणाला, "पाय जास्त फेकलास."

"काय?"

"डावा पाय. एवढा नाय फेकत तो. कंबर आधी वळते, मग पाय जातो. तू पाय आधी टाकलास."

आणि तो उठला. कितीतरी वर्षांनी, अंगणात, दावणीपासून तुळशीपर्यंत बा चालला. दामूशेठ चालला. अगदी तोच. मला बाजार उठेपर्यंत बघून जमलं नव्हतं ते त्यानं लांबून, बांधावरून बघून अंगात मुरवलं होतं. आई चुलीपासून उठून दारात आली आणि हसता हसता तिला ठसका लागला. बा परत फिरला, खाकरला, कॉलर ओढली, तिच्यापुढे थांबला. मग एकदम खाली बसला.

"माझी त्राटिका त्याच्याकडंच हाय," म्हणाला.

माझा सूड झाला होता. त्याचा नव्हता.

पण ती त्याच्याकडे नव्हती, ती शाळेत होती. भिंतीवरची त्राटिका हेडमास्तरांनी त्याच संध्याकाळी उतरवून आत ठेवली. दामूशेठनं मागितली नाही. त्या शाळेच्या वाटेलाच तो पुन्हा गेला नाही. बाला मी सांगितलं, जाऊन मागू या. तो म्हणाला, "माझंच मी मागू? ओढून नेली हती, पोचवून जाऊ दे." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते बाकडे बघून म्हणाले असतील. ताई नाशिकला गेल्या, हेडमास्तर बदलून गेले, नव्यांनी खोलीला कुलूप घातलं. मीही डी.एड.ला नाशिकला गेले. मग एका पावसाळ्यात बा गेला, साध्या तापानं. त्याच्या अंगावर घालायला आईनं ते हिरवं लुगडं काढलं होतं. लोक म्हणाले, पुरुषाच्या अंगावर लुगडं? आई म्हणाली, "त्राटिका हती ती."

दामूशेठची चाल मात्र राहिली. पोरं ती खेळायला लागली. बोहाड्यात दोन सोंगांच्या मधे वेळ काढायला कोणी तरी ती चालून दाखवायचं आणि मैदान हसायचं. तो स्वतः बाजारात उतरेनासा झाला, दुकानाच्या दारापर्यंत जीप न्यायचा, आणि मला दरवेळी ते ऐकून बरं वाटायचं. मग एकदा माझ्याच वर्गातलं एक पोर मधल्या सुट्टीत तसं चालताना दिसलं. विचारलं, कोणाची रे ही चाल? म्हणालं, "ठावं नाय बाई. अशीच हाय." तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. शेठची चाल पाड्यापाड्यात जिवंत. आणि माझ्या बाची? त्राटिका कशी चालायची? मी डोळे मिटून आठवायला गेले तर मला अंगणातला बा दिसायचा, आणि तो शेठसारखा चालत असायचा. शेठनं मुखवटा नेला, आणि मी मागे लागून लागून त्याचीच चाल घरात आणून ठेवली. बाला बसायला जागाच उरली नाही. हेही शेठच्याच खात्यावर. माझ्या नाही.

म्हणून, त्या दिवशी परीक्षा संपल्यावर मी त्राटिका पिशवीत घालून सरळ पाड्यावर आणली. कोणाला विचारलं नाही. चोरी म्हणायची असेल त्यानं आधी दामूशेठकडून सुरुवात करावी.

घरात आई पडलेली होती; तिला आता नीट दिसत नाही. तिनं हुंगलं आणि उठून बसली. "आली?" म्हणाली. मी जमिनीवर बसले आणि मुखवटा तोंडावर घेतला. आत बाच्या धडुत्याची घडी अजून चिकटलेली होती, घामानं कडक झालेली, एका बाजूला जाड. ती कपाळाला टेकली तशी मान आपसूक डावीकडे कलली. डोळ्यांतून काही दिसेना. या मुखवट्याला डोळ्यांत भोकं नाहीतच, नाकपुड्यांत आहेत. बघायचं तर हनुवटी वर करावी लागते. हनुवटी वर केली की पायाखालची जमीन दिसत नाही. म्हणून पाऊल छोटं पडतं, आधी बोटं, मग टाच, जमीन चाचपत. आणि डावी नाकपुडी मोठी, म्हणून दर काही पावलांनी अर्धं वळण.

मी उठले. आणि घरभर बा चालायला लागला.

आईला दिसत नव्हतं. पण मातीच्या जमिनीवर पावलं ऐकून ती म्हणाली, "बांगड्या घाल त्याला."

यंदाच्या बोहाड्याला काळूनं कमिटीपुढे विषय काढला. बाईनं सोंग घ्यायचं? कुरबूर झाली. काळू म्हणाला, "मान त्या घरचा. घरात तीच हाय. त्राटिका का बाप्या हती?" म्हातारे खोकत राहिले, तरणी पोरं हसली, आणि ते ठरून गेलं. शेवटच्या सकाळी, ऊन कौलांवर आलं तेव्हा, काळूनं मागून सुतळी आवळली आणि मी निघाले. लुगडं नवं घेतलं होतं, हिरवं. घरोघर थांबत गेले. सोंग देवाचं असो की राक्षसाचं, दारात थांबलं की घरच्या कर्त्या माणसानं ओवाळून पाया पडायचं, तोवर सोंग हलत नाही.

दामूशेठच्या दारात मी थांबले.

तो ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. थकलाय. उजवी बाजू गेल्या वर्षी लुळी पडली. सून ताट घेऊन आली, तिनं ओवाळलं, ती पाया पडली. मी हलले नाही. जागच्या जागी पावलं टाकत राहिले. बोटं, टाच. बोटं, टाच. अर्धं वळण.

"मामांना उठवत नाय," सून म्हणाली. "तिथूनच हात जोडतील."

शेठनं खुर्चीतून डावा हात कपाळाला लावला. मी हलले नाही. काळूनं संबळ थांबवलं नाही. माणसं जमायला लागली. गप्प बसायला आमची माणसं शिकवावी लागत नाहीत.

शेवटी मुलानं आणि सुनेनं दोन्हीकडून धरून त्याला उठवलं. तो पायरी उतरला. खांदा पुढे नव्हता, पाय बाहेर नव्हता, नुसतं फरपटणं होतं. मी नाकपुडीतून बघत होते. त्याची नजर खाली होती, माझ्या पायांवर. जवळ येता येता तो ती पावलं बघत राहिला, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"सोमा?" तो म्हणाला.

सोंग बोलत नाही.

"सोमा, तू हाएस?"

मुलानं त्याला खांद्याला धरून खाली वाकवलं. डावा हात माझ्या अंगठ्याला लागला. मग कपाळ. एरवी म्हातारं माणूस आपल्या पाया पडायला लागलं तर आपण पटकन पाय मागे घेतो, तसं लहानपणापासून शिकवलेलं असतं.

मी पाय मागे घेतला नाही.